गच्चीवरचा पाऊस आणि हरवलेले ठोके



बरेच दिवस इथे काही लिहिलं नाही. परवा भाचीचा फोन आला, "मावशी, बरी आहेस ना? लिखाण बंद का?" बरी आहे गं. पण यंदाच्या पावसाळ्यात मी पुन्हा शाळेत जात होते. शाळा भरायची येरवड्याच्या हाउसिंग बोर्डात, आमच्याच गच्चीवर, आणि शिकवायला होता माझा नातू. लेकीचा मुलगा, इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे, शिक्षणासाठी आमच्याकडेच राहतो. त्याच्याकडून जे शिकले ते लिहावंसं वाटलं. त्यावरून माझं एक मतही बनलं आहे. काहींना ते पटणार नाही. चालेल.

आधी माझी एक सवय सांगते. जन्मभर भूगोल शिकवला. शाळेच्या मागच्या अंगणात पत्र्याचा पर्जन्यमापक होता, वर नरसाळं, आत बाटली. रोज सकाळी साडेआठला बाटलीतलं पाणी मोजपात्रात ओतायचं आणि वहीत मिलिमीटर लिहायचे. साडेआठच का, तर पाऊस मोजायची वेळ देशभर तीच आहे. ग्रीनिचच्या घड्याळात तेव्हा बरोबर ३ वाजलेले असतात. काल साडेआठपासून आज साडेआठपर्यंत पडलेला पाऊस आजच्या तारखेला मांडायचा. पुणेकरांना हे काही परकं नाही. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्यात आलं, म्हणून शिवाजीनगरच्या त्या इमारतीला आपण अजून 'सिमला ऑफिस' म्हणतो. पुढे १९४४ मध्ये मुख्यालय दिल्लीला गेलं, पण चौकाचं नाव तेच राहिलं.

निवृत्त झाले तशी मी नरसाळं आणि बाटली घरच्या गच्चीवर मांडली. हे म्हणतात, "आता कुणाला द्यायचाय तो आकडा?" कुणाला नाही. पण सवय सुटत नाही. आणि आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या बाई मुळा-मुठेच्या काठच्या वस्तीत राहतात, त्या जोराचा पाऊस झाला की विचारतात, "बाई, किती झाला हो?" २५ जुलै २०२४ ला त्यांच्या घरात पाणी शिरलं होतं. नदीचं पाणी आमच्या गच्चीवरच्या पावसावर ठरत नाही, वरच्या धरणांतून किती सोडतात त्यावर ठरतं, हे मी त्यांना समजावलं आहे. तरी त्या विचारतात, आणि मी सांगते.

तर नातवाने प्रोजेक्टसाठी आपोआप मोजणारा पर्जन्यमापक करायचं ठरवलं. रचना ऐका, फार सुरेख आहे. साधारण १६ सेंटिमीटर व्यासाचं नरसाळं, म्हणजे तोंडाचं क्षेत्रफळ झालं २०० चौरस सेंटिमीटर. त्याच्याखाली सी-सॉसारख्या जोडलेल्या दोन छोट्या वाट्या. एका वाटीत ५ मिलिलिटर पाणी जमलं की ती कलंडते, पाणी सांडतं आणि दुसरी वाटी नरसाळ्याखाली येते. हिशोब केलात तर एक कलंडणं म्हणजे पाव मिलिमीटर पाऊस. सी-सॉला चिमुकलं लोहचुंबक लावलेलं. ते शेजारच्या काचेच्या नळीसमोरून गेलं की नळीतल्या दोन बारीक पट्ट्या क्षणभर एकमेकींना चिकटतात आणि विजेचा एक ठोका मिळतो. ठोके मोजले की पाऊस मोजला. हवामान खात्याची स्वयंचलित केंद्रंही पाऊस याच तत्त्वावर मोजतात.

ठोके मोजायला त्याने आर्डुइनो घेतला. इटलीत २००५ साली विद्यार्थ्यांसाठी निघालेला हा बोर्ड, त्यावर एक मायक्रोकंट्रोलर, म्हणजे नखाएवढा संगणकच. ठोका आला की आकडा एकाने वाढवायचा, पडद्यावर दाखवायचा, कार्डावर लिहायचा आणि सिमकार्डातून नेटवर पाठवायचा. पाठवायला वीसेक सेकंद लागायचे.

पहिले काही दिवस मजेत गेले. माझ्या बाटलीत ८ मिलिमीटर, त्याच्या यंत्रात पावणेआठ. आम्ही दोघंही खूष. मग एका संध्याकाळी धो धो कोसळला. सकाळी मी मोजलं, ४२ मिलिमीटर. यंत्र म्हणालं साडेचोवीस.

"आजी, तुझ्या बाटलीत शेजारच्या पत्र्यावरचं पाणी उडालं असेल," नातू म्हणाला. मी म्हटलं, "अरे, बाटली गेली कित्येक वर्षं त्याच जागी आहे." तो कॉलेजात विचारून आला. तिथे त्याला उपाय मिळाला होता: ४२ भागिले साडेचोवीस, म्हणजे सुमारे १.७. प्रोग्रॅममध्ये प्रत्येक आकड्याला १.७ ने गुणायचं, की जुळलं.

इथे माझ्यातली मास्तरीण जागी झाली. मी विचारलं, "आणि परवाच्या ८ मिलिमीटरचं काय करशील? तो आकडा बरोबर होता ना? त्याला गुणलंस तर १३ होतील. पडला नाही तेवढा पाऊस तुझं यंत्र पाडेल." तो गप्प बसला. मग म्हणाला, "आजी, सबमिशन जवळ आलंय गं."

मंडळी, एक कबुली देते. हे मीही केलं आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षांतली गोष्ट. गणपतीच्या सुटीत दोन दिवस शाळेत कुणी फिरकलं नाही. तिसऱ्या दिवशी बाटलीत दोन दिवसांचं पाणी एकत्र होतं. मी त्याचे सरळ दोन भाग केले आणि दोन्ही तारखांपुढे निम्मा निम्मा आकडा लिहिला. वही छान भरलेली दिसली, शाबासकीही मिळाली. पण तो सगळा पाऊस एकाच रात्री पडला होता हे अख्ख्या गावाला माहीत होतं, कारण त्या रात्री ओढ्यावरची फरशी वाहून गेली होती. वहीत मात्र दोन्ही दिवशी बेताचा पाऊस. खरं तर 'दोन दिवसांचा मिळून' असं लिहायला हवं होतं. ती वही आता कुठे असेल देव जाणे. पण तो आकडा मला अजून बोचतो.

म्हणून नातवाला म्हटलं, आकडा जुळवायचा नाही, हरवलेलं पाणी शोधायचं.

शोधायला औषधाच्या दुकानातून सलाइनचा सेट आणला. ५०० मिलिलिटर पाणी म्हणजे बरोबर १०० ठोके पडायला हवेत. बाटली टांगली, नळीचं चाक आवळून पाणी हळूहळू सोडलं, पन्नासेक मिनिटं लागली. यंत्राने १०० मोजले! मग तेवढंच पाणी पंधरा मिनिटांत सोडलं. मी स्टुलावर बसून वाट्यांचे आवाज मोजत होते. माझे १००, यंत्राचे ३४.

आता कारण उघडच होतं. पाणी भरभर आलं की दर नऊ सेकंदांनी वाटी कलंडत होती. यंत्र मात्र एक ठोका मोजून आकडा पाठवायला वीस सेकंद लावत होतं, आणि त्या वीस सेकंदांत आलेले ठोके त्याला ऐकूच येत नव्हते. रिमझिम पावसात चूक शून्य आणि कोसळता पाऊस आला की तीनातले दोन ठोके गायब. म्हणजे ज्या पावसासाठी हे यंत्र करायचं, नेमका तोच पाऊस त्याला दिसत नव्हता. कुठलाही एक गुणक हे दुरुस्त करू शकत नाही.

यावर उपाय मायक्रोकंट्रोलरमध्ये मुळातच दिलेला असतो. त्याचं नाव इंटरप्ट. आमच्या कोशात त्याला 'व्यत्यय' म्हणतील, पण मला तो शब्द पटत नाही. व्यत्यय म्हणजे विघ्न. हा तर आपण होऊन ठेवलेला हाकेचा दरवाजा आहे. मी त्याला 'हाक' म्हणते.

शाळेतलं उदाहरण घ्या. बाई वर्गात मोसमी वारे शिकवतायत. शिपाई सूचनेची वही घेऊन दारात येतो. बाई वाक्य तिथेच थांबवतात, पुस्तकात बोट ठेवतात, वहीवर सही करतात आणि बोट ठेवलेल्या ओळीपासून पुढे सुरू करतात. शिपाई आला का हे पाहायला दर मिनिटाला दाराशी जावं लागत नाही. मायक्रोकंट्रोलरही तसंच करतो. ठरलेल्या तारेवर, नातवाच्या बोर्डावर ती २ किंवा ३ नंबरची, ठोका आला की हातातलं काम जिथे आहे तिथे खूण करून ठेवतो, हाकेला ओ देतो आणि परत त्याच जागी येतो. पण एक पथ्य आहे. हाकेला ओ देताना काम चिमूटभरच करायचं. सही करून वही परत द्यायची, तिथेच इतिवृत्त लिहीत बसायचं नाही. नातवाने हाकेच्या भागात एकच गोष्ट ठेवली, ठोक्यांचा आकडा एकाने वाढवणं. दाखवणं, लिहिणं, पाठवणं हे सगळं बाहेर.

मग पाठवायचं कधी? त्याला टायमर. टायमर म्हणजे शाळेची घंटा. बाईंनी शिकवताना सारखं घड्याळाकडे बघायचं नाही, तास संपला की घंटा होते. आर्डुइनोचं घड्याळ सेकंदाला १ कोटी ६० लाख ठोके देतं. त्याला १०२४ ने भागलं की उरतात १५,६२५. आतल्या एका टायमरला ६५,५३५ पर्यंत मोजता येतं, त्याला सांगायचं की १५,६२५ झाले की घंटा दे आणि पुन्हा शून्यापासून मोज. झाला एक सेकंद. अशा ९०० घंटा झाल्या की पंधरा मिनिटं, तेव्हा आकडा पाठवायचा. पाठवायला वीस सेकंद लागेनात का, मधे वाटी कलंडली तर हाक ऐकू येतेच.

या घड्याळात रोज थोडा थोडा फरक पडतो. म्हणून साडेआठची खरी वेळ कळायला त्याने सेलवर चालणारं वेगळं घड्याळ जोडलं. आणखी एक गंमत त्याने सांगितली. बोर्ड सुरू झाल्यापासूनचे मिलिसेकंद मोजणारा जो आकडा असतो तो सुमारे पन्नास दिवसांनी भरतो आणि शून्यावर येतो. पावसाळा १ जून ते ३० सप्टेंबर, १२२ दिवसांचा. म्हणजे पावसाळ्यात दोनदा शून्य! वजाबाकी नीट मांडली तर काही बिघडत नाही, पण जो मांडत नाही त्याचं यंत्र जुलैच्या ऐन पावसात गोंधळतं.

सगळं झालं असं वाटलं. दुसऱ्या दिवशी माझे २०, यंत्राचे ३१! आता उलटी चूक. नातवाने कपाळाला हात लावला. कारण त्या काचेतल्या पट्ट्या. चिकटताना त्या किंचित थरथरतात, आणि आपला हा संगणक इतका तल्लख की एका कलंडण्याचे कधी दोन, कधी तीन ठोके मोजतो. चेष्टेखोर पोरगं एकदा बेल दाबताना बोट थरथरवतं तसं. इथेही टायमर मदतीला आला. एक ठोका मोजला की पुढचा पाव सेकंद आलेल्या हाका सोडून द्यायच्या. कितीही पाऊस असला तरी पाव सेकंदात वाटी दुसऱ्यांदा भरत नाही, म्हणून हे सोडणं सुरक्षित आहे. हा पाव सेकंद गुणकासारखा अंदाजपंचे नाही, वाटी भरायला किती वेळ लागतो ते पाहून ठरवलेला आहे. फरक लक्षात घ्या.

आणि एक चूक आम्हाला भेटली नाही, पण भेटू शकली असती. हा संगणक मोठा आकडा एका घासात वाचत नाही, दोन तुकड्यांत वाचतो. २५५ चा २५६ होताना दोन्ही तुकडे बदलतात. पहिला तुकडा वाचला, तेवढ्यात हाक आली आणि मग दुसरा वाचला, तर हाती येतो ५११. पावसात सांगायचं तर ६४ मिलिमीटरच्या जागी जवळजवळ १२८. हवामान खात्याच्या भाषेत मुसळधार पाऊस साडेचौसष्टपासून आणि अतिमुसळधार ११५.६ पासून सुरू होतो. म्हणजे साधा पाऊस एकदम अतिमुसळधार! म्हणून आकडा वाचताना क्षणभर हाकांचं दार लोटून घ्यायचं आणि लगेच उघडायचं. उघडायला विसरलात तर पुन्हा बहिरेपण.

आता बाटलीतून पाणी जोरात सोडलं तर १०० च्या जागी ९७ ठोके येतात. वाटी कलंडते त्या अर्ध्या क्षणात धार चालूच असते आणि ते थोडं पाणी मोजल्याशिवाय निघून जातं. ही तूट यंत्राच्या घडणीतलीच आहे. पावसाचा जोर वाढेल तशी ती वाढते, म्हणून वेगवेगळ्या धारेला मोजून, तिचा तक्ता करून, मगच दुरुस्ती करायची असते. अशा दुरुस्तीला माझी हरकत नाही, कारण ती कशासाठी आहे ते सांगता येतं.

कुणी म्हणेल, आजी, पाव मिलिमीटरसाठी एवढा खटाटोप? तर २६ जुलै २००५ आठवा. मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच दिवशी कुलाब्याला शंभरसुद्धा नाही. चोवीस तासांतून एकदा बघितलेली बाटली अशा वेळी काय कामाची? सकाळी साडेआठला ती सत्य सांगते, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. त्यानंतरच मुंबई महापालिकेने शहरभर स्वयंचलित पर्जन्यमापक बसवले, दर पंधरा मिनिटांनी नियंत्रण कक्षाला आकडा देणारे. आपल्याकडे २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने काय केलं ते पुणेकर विसरलेले नाहीत. ओढ्याचा पूर दिवसाच्या बेरजेने येत नाही, तासाभराच्या जोराने येतो. तो जोर मोजणारं यंत्र नेमक्या त्या तासाला बहिरं असेल तर ते नसलेलं बरं. नसलं तर निदान माणसं आभाळाकडे बघतील.

टायमरचंही तसंच. हवामान खात्याची केंद्रं उपग्रहामार्फत आकडे पाठवतात आणि ते झेलणारं केंद्र आपल्या पुण्यातच उभं राहिलं. प्रत्येक केंद्राला तासातली आपली ठरलेली घटका असते. घड्याळ चुकलं तर ते दुसऱ्याच्या पाळीत बोलणार आणि दोघांचंही बोलणं वाया जाणार. वर्गात हात वर करून आपली पाळी आल्यावर बोला असं आम्ही उगीच सांगत नव्हतो.

आता माझं मत. नातवाच्या पुस्तकात टायमर आणि इंटरप्ट ही प्रकरणं शेवटी आहेत. परीक्षेला व्याख्या लिहायच्या आणि मोकळं व्हायचं. सुरुवातीला शिकवतात ते काय, तर 'डिले', म्हणजे यंत्राला सांगायचं की इतका वेळ नुसता थांब. दिवा लुकलुकवायला ते ठीक आहे. पण मूल तीच सवय घेऊन पुढे जातं आणि थांबलेलं यंत्र ऐकत नाही हे त्याला कुणी सांगतच नाही. मला वाटतं, दिवा लुकलुकला की दुसऱ्याच दिवशी पोरांना दाखवावं, दिवा लुकलुकत असताना बटण दाबून बघा, किती वेळा कळतंय ते मोजा. मोजलं की हाक आणि घंटा का हवी हे त्यांचं त्यांना कळेल. मला या वयात, मराठीतून बी.ए. झालेल्या बाईला कळलं, तर त्यांना का नाही कळणार?

दुसरं, स्वयंचलित यंत्र आलं म्हणून जुनी बाटली फेकू नका. माझी बाटली नसती तर साडेचोवीस हाच आकडा खरा ठरला असता. बाटली मंद आहे, पण तिला वीज लागत नाही आणि ती मधेच कुठे जात नाही. यंत्राला एक साक्षीदार हवा.

प्रोजेक्टचं काय झालं विचाराल. नातवाने तक्त्यावर सगळं मांडलं. ४२ आणि साडेचोवीस, सलाइनचे १०० आणि ३४, नंतरचे ९७ सुद्धा. चुकीचे आकडे लावू नकोस, मार्क जातील, असं त्याला सांगण्यात आलं होतं. त्याने लावले. परीक्षकांनी खर्च किती आला एवढं विचारलं आणि पुढच्या टेबलाकडे गेले. मार्क बेताचेच पडले. घरी आला तेव्हा हिरमुसला होता. मी काही बोलले नाही, पोहे केले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाटली घेऊन गच्चीवर गेले तर हा आधीच तिथे, हातात माझी वही. "आजी, आजचा तू सांग, मी लिहितो." माझे साडेअकरा, त्याचे सव्वाअकरा. त्याने दोन्ही लिहिले, शेजारी शेजारी.

असो. उद्या पुन्हा साडेआठ वाजतील. तुमच्या गच्चीवर किती पडला तेही कळवा कधी.